बागेत शिल्पे मांडताना : आधी जागा, मग पाया, रोपे सर्वांत शेवटी

घरच्या बागेत एखादे शिल्प मांडायचे ठरले की बहुतेकांचा क्रम सारखाच असतो. वस्तू डोळ्यांत भरते, ती घरी येते, मग ती कुठे ठेवावी याचा विचार सुरू होतो आणि अखेरीस जिथे मोकळी जागा दिसेल तिथे, म्हणजे बहुधा वाफ्यातल्या नुकत्याच खणलेल्या भुसभुशीत मातीवर, ती टेकवली जाते. पहिला मोठा पाऊस झाला की ती एका बाजूला कलते. दुसऱ्या वर्षी पायथ्यापासून पांढरट डाग वर चढू लागतात आणि तिसऱ्या वर्षी समोरचे झुडूप इतके वाढलेले असते की शिल्पाचे फक्त डोके दिसते. मग दोष वस्तूला दिला जातो. खरे पाहता या तिन्ही तक्रारी कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे उद्भवतात, म्हणून पुढील टप्पे जसे दिले आहेत त्याच क्रमाने करावेत.

या लेखात ‘शिल्प’ हा शब्द सोयीसाठी व्यापक अर्थाने वापरला आहे. त्यात दगडी पुतळा आला, काँक्रीटचा पक्षी आला, मातीचा मोठा रांजण आला आणि धातूची अमूर्त आकृतीही आली.

टप्पा १ : जागा ठरवणे

एका कागदावर बागेचा ढोबळ नकाशा काढावा आणि बाग प्रत्यक्ष जिथून पाहिली जाते त्या जागांवर खुणा कराव्यात. घराचे दार, रोजच्या बैठकीची खिडकी, बागेतला बाक, पायवाटेचे वळण, एवढ्या खुणा पुरेशा असतात. प्रत्येक खुणेपासून नजर जिकडे आपोआप जाते तिकडे एक रेषा ओढावी. दोन किंवा अधिक रेषा जिथे छेदतात ती मुख्य शिल्पाची संभाव्य जागा. एका दृश्यात एकच मुख्य शिल्प असावे. दुसरे ठेवायचेच असेल, तर ते पहिल्याच्या नजरेच्या टप्प्यात येणार नाही अशा बेताने, वळणापलीकडे किंवा झुडपाआड ठेवावे.

त्यानंतर त्या जागेवर सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी असे तीन वेळा उभे राहून ऊन कुठून येते ते पाहावे. कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसते, तर डोक्यावरच्या उन्हात सपाट वाटते. पांढरा संगमरवर भर उन्हात डोळ्यांवर येतो आणि त्यातले बारकावे पुसले जातात, त्यामुळे त्याला दिवसाचा काही काळ तरी पातळ सावली मिळणारी जागा द्यावी. काळ्या दगडाचे उलट आहे. दाट सावलीत तो हरवून जातो.

वर पाहण्यास बहुतेक जण विसरतात. छपराची पागोळी जिथे पडते, पक्षी ज्या फांदीवर रात्री बसतात, किंवा ज्या झाडावर मावा आणि पिठ्या ढेकूण नेहमी पडतात, त्याच्या थेट खालची जागा टाळावी. या किडींचा चिकट स्राव खाली ठिबकत राहतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. सच्छिद्र दगडावर बसलेला तो काजळीसारखा थर काढणे फार कठीण असते.

शिल्पाला चेहरा असेल, तर त्याची दृष्टीही विचारात घ्यावी. पाहणाऱ्याची नजर शिल्पाच्या नजरेमागे जाते. कुंपणाबाहेर पाहणारे शिल्प पाहणाऱ्यालाही बागेबाहेर नेते, म्हणून त्याचा रोख बागेच्या आत किंवा पायवाटेकडे असावा.

*तपासणी :* ठरवलेल्या जागेखालून पाण्याचे नळ, सांडपाण्याची वाहिनी किंवा विजेची तार जात नाही ना, याची खात्री खणण्यापूर्वीच करून घ्यावी. मोठ्या झाडाच्या खोडाजवळ जाड मुळे तोडून पाया घालू नये. झाडाचेही नुकसान होते आणि पुढे मुळे जाड होत जाऊन पायाही उचलतात.

टप्पा २ : पुठ्ठ्याची प्रतिकृती

हा टप्पा सर्वांत स्वस्त आहे आणि नेमका तोच गाळला जातो. दुकानात, चार भिंतींच्या आत, इतर वस्तूंच्या गर्दीत जे शिल्प भरघोस वाटते, तेच उघड्या आकाशाखाली खेळण्याएवढे दिसते. मी स्वतः एकदा साठ सेंटीमीटर उंचीचा दगडी दीपस्तंभ हौसेने आणून बागेच्या टोकाला ठेवला होता. खिडकीतून तो उलटी ठेवलेली बादली वाटे. पुढे तो वाटेच्या वळणावर, हाताच्या अंतरावर आणला तेव्हा कुठे त्याला अर्थ आला.

जाड पुठ्ठ्याची खोकी एकमेकांवर चिकटवून नियोजित शिल्पाच्या उंची-रुंदीचा ढोबळ आकार करावा, चौथरा असणार असेल तर तोही त्यात धरावा आणि ही प्रतिकृती ठरलेल्या जागी निदान चार-पाच दिवस राहू द्यावी. रोज नकाशावरच्या प्रत्येक खुणेपासून तिच्याकडे पाहावे. उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते आणि खुर्चीवर बसलेल्याची सुमारे एक मीटर वीस सेंटीमीटरवर. शिल्प मुख्यतः बाकावरून पाहिले जाणार असेल, तर त्याचा चेहरा किंवा मुख्य भाग या दुसऱ्या उंचीच्या आसपास यावा.

प्रतिकृती रोज नजरेला खुपत असेल, तर आकार मोठा आहे किंवा जागा चुकली आहे. चार दिवसांत तिच्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही, तर ती फार लहान आहे. उंची, रुंदी आणि पायथ्याची मापे लिहून घ्यावीत आणि त्यानंतरच खरेदीला निघावे.

टप्पा ३ : साहित्य पारखून घेणे

उघड्यावर ठेवण्याच्या वस्तूची परीक्षा डोळ्यांपेक्षा हाताने आणि कानाने अधिक चांगली होते.

भाजक्या मातीच्या वस्तूला बोटाच्या पेराने हलके टिचकावे. चांगली भाजलेली, अभंग वस्तू खणखणीत वाजते. आवाज बद्द आला, तर आत कुठेतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. जिथे हिवाळ्यात पाणी गोठते, तिथे भाजकी माती वर्षभर बाहेर ठेवण्याचे धाडस करू नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि छिद्रांत शिरलेले पाणी आतूनच पापुद्रे सोडवते.

प्लास्टर ऑफ पॅरिसची वस्तू रंग दिल्यावर दगडासारखी दिसू शकते. तळाशी, न रंगवलेल्या जागी नखाने ओरखडून पाहावे. ओरखडा उठला तर ती वस्तू घरातच शोभेल. पावसात जिप्सम हळूहळू विरघळते आणि कोणताही रंग त्याला कायमचे वाचवू शकत नाही.

दगडाच्या तळावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मिनिटभरात शोषला गेला, तर दगड सच्छिद्र आहे आणि त्याला ओलीपासून दूर ठेवण्याची व्यवस्था करावी लागेल. संगमरवर आणि चुनखडक यांची ओळख पटवायची असल्यास तळाच्या अगदी दिसणार नाही अशा भागी व्हिनेगरचा थेंब पुरतो. बारीक बुडबुडे आले, तर दगड कॅल्शियम कार्बोनेटचा आहे आणि त्याला पुढे कधीही आम्लयुक्त साफसफाईचे द्रव लावायचे नाहीत, हे लक्षात ठेवावे.

पितळ किंवा कांसे म्हणून मिळणाऱ्या वस्तूला लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक घट्ट चिकटला, तर आत लोखंड आहे. फायबर आणि रेझिनच्या वस्तू वजनाला हलक्या असल्याने गच्चीवर सोयीच्या असतात, मात्र त्या अतिनील किरणांना टिकणाऱ्या लेपाच्या आहेत का, हे विचारून घ्यावे. साध्या रेझिनचा रंग उन्हात उडतो आणि पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो.

काँक्रीटच्या वस्तूंमध्ये बारीक पाय, लांब चोच, पसरलेले हात असे भाग असतील, तर आत कोणता गज घातला आहे याची चौकशी अवश्य करावी. माझ्याकडच्या काँक्रीटच्या बगळ्याचे पाय साध्या लोखंडी सळईवर उभे होते. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याशी केसाएवढी उभी भेग दिसली. तिच्यातून तपकिरी ओघळ आला, आणि पुढल्या वर्षी त्या जागचे काँक्रीट खपलीसारखे सुटून हातात आले. आतली सळई गंजून फुगली होती. गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा लागते आणि त्या दाबापुढे दोन सेंटीमीटरचे काँक्रीट टिकत नाही. असे बारीक भाग स्टेनलेस स्टीलच्या गजावर घडवलेले असतील तरच घ्यावेत.

*सावधान :* ओतीव शिल्प आतून पोकळ असेल, तर तळाला पाणी निघून जाण्यासाठी सहा ते आठ मिलिमीटरचे भोक हवेच. डोक्यावर, ओंजळीत, मांडीवर पाणी साठेल असे खोलगट भाग असतील, तर त्यांचीही नोंद करावी. साचलेले पाणी म्हणजे डासांची पैदास.

टप्पा ४ : वजन आणि पाया

वजन अंदाजाने सांगू नये, हिशेब करावा. भरीव काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते, तर ग्रॅनाइट आणि संगमरवर सुमारे २७०० किलो. ३० सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि ९० सेंटीमीटर उंच असा भरीव काँक्रीटचा ठोकळा ०.०८१ घनमीटरचा होतो, म्हणजे त्याचे वजन जवळपास १९४ किलो. मानवाकृती शिल्प आपल्या चौकटीचा साधारण निम्मा भाग व्यापते असे धरले, तरी १०० किलोच्या आसपास भार एका लहान पायथ्यावर येतो. हा आकडा समोर असला म्हणजे ‘नुसते मातीवर ठेवू’ हा विचार आपोआप मागे पडतो.

वीस किलोपर्यंतच्या वस्तूसाठी फारसे काही करावे लागत नाही. वरची सेंद्रिय माती काढून टाकावी, पाच सेंटीमीटर कच (दगडाचा बारीक चुरा) पसरून ठोकावी आणि तिच्यावर एक जाड फरशी बसवावी.

वीस ते शंभर किलोंच्या दरम्यानच्या शिल्पासाठी पायथ्यापेक्षा चारही बाजूंनी १० ते १५ सेंटीमीटर मोठा आणि २० ते २५ सेंटीमीटर खोल खड्डा घ्यावा. काळी, भुसभुशीत, पालापाचोळा मुरलेली माती पूर्ण निघेपर्यंत खणावे. खोलीचा आकडा गाठला म्हणून थांबू नये. खड्ड्याचा तळ धुम्मसाने ठोकून घ्यावा, मग खडी एकदम न ओतता पाच ते सात सेंटीमीटरच्या थरांत टाकावी आणि प्रत्येक थर थोडे पाणी मारून ठोकावा. सगळी खडी एकदम टाकून वरून कितीही ठोकली, तरी तळाचे थर सैलच राहतात. पाया खचण्याच्या बहुतेक तक्रारींचे कारण हे एवढेच असते. खडीवर दोन-तीन सेंटीमीटर जाड वाळू पसरून तिच्यावर फरशी किंवा दगडी चिरा बसवावा.

शंभर किलोंच्या वर गेल्यास खडीच्या दहा सेंटीमीटर ठोकलेल्या थरावर १० ते १५ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा चौकोन ओतावा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी हे प्रमाण पुरेसे आहे. माल फार पातळ कालवू नये. जास्त पाण्याने काम सोपे होते, पण काँक्रीट कमजोर होते. किमान सात दिवस ते ओले ठेवावे, त्यावर गोणपाट टाकून पाणी मारत राहावे. काँक्रीटची ताकद मोजण्याचा रूढ कालावधी २८ दिवसांचा आहे आणि जड शिल्प बसवण्यासाठी तेवढे थांबणेच शहाणपणाचे. घाई करणारे नेमके इथेच हातघाईवर येतात.

ओल्याने फुगणारी आणि वाळल्यावर भेगाळणारी चिकणमाती असेल, तर हे सर्व माप वाढवावे. खड्डा ४५ सेंटीमीटरपर्यंत नेऊन चिकणमातीच्या जागी मुरूम भरावा, नाहीतर प्रत्येक ऋतुबदलाबरोबर शिल्प हलके वर-खाली होत राहते आणि कलते.

पाया भरण्यापूर्वी दोन कामे उरकून घ्यावीत. पुढे प्रकाशयोजना करायची थोडी जरी शक्यता असेल, तरी तारेसाठी एक रिकामा पाइप पायाच्या बाजूने आत्ताच पुरून ठेवावा. आणि ठिबकची नळी पायाच्या पलीकडे न्यायची असेल, तर तिच्यासाठीही असाच पाइप ठेवावा.

*सावधान :* गच्ची किंवा सज्जा यांवर वरील कोणताही पाया लागू होत नाही. तिथे वजन स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळई किंवा खांबाच्या वर यावे लागते आणि ते कुठे आहेत हे संरचना अभियंत्यालाच विचारावे. ओली माती आणि पाण्याने भरलेल्या कुंड्या यांचे वजनही त्याच हिशेबात येते. शिल्प घट्ट करण्यासाठी गच्चीच्या स्लॅबला भोक पाडू नये. जलरोधक थर फुटतो आणि गळती कुठून लागली ते नंतर सापडत नाही.

*तपासणी :* फरशी बसल्यावर पाणसळ (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) दोन्ही दिशांनी आणि कर्णावरही ठेवून पाहावी. नंतर फरशीच्या चारही कोपऱ्यांवर पाळीपाळीने उभे राहावे. एकही कोपरा डुगडुगला, तर फरशी उचलून वाळू सारखी करावी. खाली दगडाची कपची सारून भागवू नये.

टप्पा ५ : चौथरा

प्रत्येक शिल्पाला चौथरा लागतोच असे नाही. बसलेला प्राणी, कासव, बेडूक, लोळणारे मूल अशा आकृती जमिनीलगतच शोभतात आणि चौथऱ्यावर चढवल्या की उगाच सत्कारमूर्ती होतात. अर्धपुतळा, दीप, कलश आणि नाजूक कोरीव काम यांना मात्र उंची द्यावी.

चौथरा शिल्पाच्या पायथ्यापेक्षा प्रत्येक बाजूला तीन ते पाच सेंटीमीटर मोठा असला की पुरे. विटांचा चौथरा बांधत असल्यास विटांच्या खालच्या थरावर ओल रोखणारा जाड प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा थर अवश्य घालावा. तो नसेल, तर जमिनीतली ओल विटांतून वर चढते, क्षार बरोबर आणते आणि वाळताना ते पृष्ठभागावर सोडते. यालाच आपण लोणा म्हणतो. वरून कितीही रंग दिला, तरी लोणा त्याचे पापुद्रे काढतो. वरच्या सपाटीला शिल्पाच्या पायथ्याबाहेर अगदी हलका उतार द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही.

टप्पा ६ : शिल्प हलवणे आणि बसवणे

शिल्प आणण्यापूर्वी फाटकापासून जागेपर्यंतची वाट मोजून पाहावी, कारण अपघात बहुधा पायरीवर किंवा अरुंद वळणावरच होतो. ओल्या हिरवळीवरून जड वस्तू नेऊ नये. न्यायचीच असेल, तर फळ्या अंथरून त्यांवरून न्यावी.

शिल्प हात, मान, पंख किंवा कोणत्याही बाहेर आलेल्या भागाला धरून कधीही उचलू नये. रुंद पट्टे पायथ्याखालून घालून आणि मधल्या भागाला जुने कांबळे गुंडाळून उचलावे. पन्नास किलोंच्या पुढचे वजन दोन माणसांच्या हिमतीवर सोडू नये. सपाट फळ्यांवर तीन लोखंडी पाइप आडवे ठेवून त्यांवरून शिल्प सरकवत नेणे आणि मागचा मोकळा झालेला पाइप पुढे आणून ठेवत राहणे ही पद्धत जुनी असली तरी अगदी भरवशाची आहे. फार जड शिल्पासाठी तिकाटणे उभारून चेनपुली लावणारा माहीतगार माणूस बोलवावा.

आता स्थैर्य. मी पाळतो तो ढोबळ नियम असा की, पायथ्याची अरुंद बाजू उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल, किंवा घरात लहान मुले असतील, तर शिल्प गजाने जखडावे. त्यासाठी स्टेनलेस स्टीलचा १२ मिलिमीटर जाडीचा गज घ्यावा. शिल्पाच्या पायथ्यात आणि चौथऱ्यात प्रत्येकी १० ते १५ सेंटीमीटर खोल, गजापेक्षा दोन ते चार मिलिमीटर रुंद भोक पाडावे. ड्रिल चालवताना हातोडीचा झटका बंद ठेवावा, कारण त्या झटक्याने पायथा आतून तडकू शकतो.

भोक पाडून झाल्यावर बहुतेक जण गज चिकटवण्यासाठी लगेच इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरतात आणि इथेच फसतात. भोकाच्या भिंतींना पिठासारखी बारीक भुकटी चिकटलेली असते. इपॉक्सी त्या भुकटीला धरतो, दगडाला धरत नाही. नळीने फुंकर मारावी, बाटली धुण्याच्या ब्रशने भिंती घासाव्यात, पुन्हा फुंकर मारावी आणि बोट घालून पाहावे. बोटाला पांढरे लागणे थांबेपर्यंत हे करत राहावे आणि मगच इपॉक्सी भरून गज बसवावा. हे करताना डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच.

जखडण्याची गरज नसलेले शिल्प चौथऱ्यावर सिलिकॉनच्या चार-पाच ठिपक्यांवर बसवता येते. संगमरवर आणि चुनखडक यांच्यासाठी सिलिकॉन उदासीन प्रकारचेच घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्ल सोडते आणि दगडावर कायमचा डाग पाडते. सलग रेघ न ओढता ठिपके द्यावेत, म्हणजे मधून हवा खेळते आणि पाणी अडकत नाही.

*तपासणी :* शिल्प बसल्यावर ओळंबा किंवा पाणसळ लावून ते सरळ आहे का ते पाहावे, आणि इपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर, म्हणजे डब्यावर दिलेल्या मुदतीनंतर, छातीच्या उंचीवर तळहात टेकवून सावकाश जोर लावावा. किंचितही हालचाल जाणवली, तर रोपे लावण्यापूर्वीच ती दुरुस्त करावी.

टप्पा ७ : भोवतीची रोपे

एवढे झाल्यावरच रोपवाटिकेची वाट धरावी. आधी लावलेली रोपे खणताना तुडवली जातात, सिमेंटच्या सांडलेल्या पाण्याने होरपळतात, आणि त्यांना सांभाळण्याच्या नादात पाया अपुरा राहतो.

रोप आज केवढे आहे याला महत्त्व देऊ नये. पूर्ण वाढलेल्या झुडपाच्या फैलावाचा निम्मा भाग अधिक २० सेंटीमीटर, एवढे अंतर शिल्पाच्या पायथ्यापासून खोडापर्यंत ठेवावे. १.२ मीटर फैलणारे झुडूप असेल, तर ते ८० सेंटीमीटर दूर लावावे लागते. सुरुवातीची एक-दोन वर्षे मधली जागा ओकीबोकी दिसेल. ती हंगामी फुलझाडांनी भरता येते. मागे दाट कुंपण असेल, तर कुंपण आणि शिल्प यांच्यात एक माणूस वाकून काम करू शकेल एवढी वाट सोडावी. ही वाट समोरून दिसत नाही, पण ती नसली की छाटणी करणारा शिल्पाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहतो.

पानांची निवड शिल्पाच्या पोताच्या उलट करावी. बारीक कोरीव काम असेल, तर मागे मोठ्या, साध्या, गर्द हिरव्या पानांचा पडदा असावा. घडण अगदी साधी असेल, तर बारीक पानांचे नेचे किंवा झुबकेदार गवते तिच्याजवळ खुलतात. फिकट दगडामागे गडद पाने आणि काळ्या दगडामागे चंदेरी किंवा पिवळसर पाने, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी अर्धे काम होते. चितकबऱ्या पानांची झाडे शिल्पाच्या अगदी मागे लावू नयेत, कारण त्या ठिपक्यांत कडा हरवते. समोरची रोपे शिल्पाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून उंच होणारी नसावीत.

वेलींबाबत सावध राहावे. आधाराला वेढे घेत चढणारी वेल सोडवता येते. मुळांनी चिकटणारी वेल मात्र सुरुवातीला फार रम्य दिसते आणि काढताना पृष्ठभागावर तिच्या मुळांचे ठसे राहतात. नरम दगडाचे तर कणही निघतात.

चौथऱ्याभोवती १० ते १५ सेंटीमीटर रुंदीचा गोट्यांचा किंवा खडीचा पट्टा ठेवावा. पावसाच्या थेंबांनी उडणारी माती त्यामुळे चौथऱ्यावर बसत नाही आणि ओली माती त्याला चिकटून राहत नाही. शिल्प हिरवळीत असेल, तर हा पट्टा फरशांचा आणि २० सेंटीमीटर रुंद करावा. गवत कापणाऱ्या यंत्राची नायलॉन दोरी पायथ्याच्या कडा किती झटपट उडवते, हे एकदा पाहिले की या पट्ट्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

*सावधान :* पाण्याच्या फवाऱ्याचा रोख शिल्पावर येऊ देऊ नये. जड पाण्यातील क्षार दर वेळी वाळून त्यावर पांढरा थर चढवतात. या भागात ठिबक सिंचनच करावे. लोहयुक्त खते पसरतानाही काळजी घ्यावी. त्यांचा एक दाणा ओल्या काँक्रीटवर पडून राहिला तरी गंजासारखा डाग पडतो.

टप्पा ८ : लहान शोभेच्या वस्तू

लहान वस्तू सगळीकडे विखरून ठेवणे ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की, त्यावर एकच उपाय सुचवतो. सगळ्या वस्तू एका टोपलीत गोळा कराव्यात, त्यांतल्या निम्म्या घरात ठेवून द्याव्यात आणि उरलेल्यांचा एकच पुंजका पायवाटेच्या वळणाशी किंवा बाकाजवळ, म्हणजे वाकून पाहता येईल अशा ठिकाणी मांडावा. दहा पावलांवरून दिसावी म्हणून लहान वस्तू ठेवण्यात अर्थ नाही.

पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवायचे असल्यास ते अडीच ते पाच सेंटीमीटर खोल आणि खरखरीत तळाचे असावे आणि दाट झुडपापासून दोन मीटर तरी दूर असावे, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात.

पारदर्शक काचेचे भरीव किंवा पाण्याने भरलेले गोळे उन्हात ठेवू नयेत. ते भिंगासारखे काम करतात आणि वाळलेल्या पाल्यावर पडलेला त्यांचा झोत पेट घेण्यास पुरेसा असतो. अंतर्वक्र आरशांनाही हेच लागू आहे. सपाट आरसा लावायचा असेल, तर त्यात आकाश किंवा मोकळी झाडी दिसू नये असा कोन द्यावा, नाहीतर पक्षी त्यावर आपटतात.

टप्पा ९ : प्रकाश

समोरून थेट टाकलेल्या दिव्याने शिल्प सपाट होते. दिवा बाजूने, साधारण ४५ अंशांच्या कोनात आणि खालून ठेवावा, तो पानांआड लपवावा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही ना हे बाकावर बसून तपासावे. १२ व्होल्टचे, किमान आयपी ६५ दर्जाचे (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारे) दिवे आणि २७०० ते ३००० केल्व्हिनचा उबदार प्रकाश बागेला मानवतो. पाया घालताना पुरलेला पाइप इथे उपयोगी पडतो. घरच्या मुख्य विजेला जोडणारे काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावे. रात्री उशिरा दिवे बंद होतील अशी वेळ लावून ठेवावी, कारण रात्रभरच्या उजेडाने कीटक आणि झाडे दोघांचेही चक्र बिघडते.

टप्पा १० : देखभाल

साफसफाईसाठी साधे पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनचा मऊ ब्रश एवढेच पुरते. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे बारीक लोखंडी कण दगडाच्या छिद्रांत अडकतात आणि पहिल्याच पावसात गंजून ठिपके पाडतात. दाबाच्या पाण्याचा फवाराही जुन्या दगडाला आणि भाजक्या मातीला सोसत नाही. शेवाळ काढायचे असल्यास ते आधी ओले करून लाकडी पट्टीने हलके खरवडावे. ते शिल्पाला शोभत असेल, तर राहूही द्यावे.

दगडावर व्हार्निशसारखा पृष्ठभाग झाकणारा लेप देणे टाळावे. आत शिरलेली ओल त्याखाली कोंडते आणि वरचा थर घेऊनच बाहेर पडते. लेप द्यायचाच असेल, तर वाफ आरपार जाऊ देणारा सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा द्यावा, आणि तोही दगड पूर्ण वाळलेला असताना. कांस्याच्या शिल्पाला वर्षातून एकदा कोरड्या दिवसांत रंगहीन मेणाचा पातळ हात द्यावा. लोखंडी वस्तूवर गंजाचा फोड दिसताच तो घासून काढावा, जस्तयुक्त अस्तर लावावे आणि मग रंग द्यावा. तिथे उन्हाळा संपण्याची वाट पाहू नये.

दर वर्षी पाऊस थांबल्यावर, माती थोडी वाळली की पाणसळ घेऊन प्रत्येक शिल्पाच्या चौथऱ्यावर पुन्हा एकदा ठेवावी. बुडबुडा मध्यावरून सरकलेला दिसला, तर कललेल्या बाजूखाली कपची ठोकण्याचा मोह आवरावा. न जखडलेले शिल्प फळीवर उतरवून ठेवावे आणि जखडलेले चौथऱ्यासकट पट्ट्यांवर तोलून धरावे. मग फरशी काढावी, खचलेल्या जागी खडी घालून थर पुन्हा ठोकावा आणि वाळू सारखी करून फरशी परत बसवावी. काँक्रीटचा चौकोनच कलला असेल, तर मात्र वरून काही उपयोग नाही. शिल्प काढून पाया नव्यानेच घालावा लागतो.